राखीव तुकडीतला सहावा माणूस

परवा फोनवर तू विचारलंस, की बाबा रविवारीसुद्धा उठल्याउठल्या दाढी का करतो. तुझ्या मैत्रिणीचे बाबा सुट्टीत दाढी वाढवतात, समुद्रावर तसेच जातात, मग आपलाच बाबा असा का? मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगायला घेतलं असतं तर धाकट्याने मध्येच फोन ओढला असता, आणि ही गोष्ट अर्धवट सांगण्यासारखी नाही. अवघड शब्द आले तर आईला विचार. वाचताना ती जवळ बसली असेल तर मधूनमधून तिच्याकडेही बघ. ही हकिगत बाबापेक्षा तिचीच जास्त आहे.

तू व्हायच्या आधी तुझा बाबा, म्हणजे माझा मुलगा, विदर्भात एका कोळशाच्या खाणीत नोकरीला होता. जमिनीखालची खाण. डोक्याला दिवा लावून उतरत्या बोगद्याने चालत आत जायचं, आणि पाळी संपली की काळ्या तोंडाने वर यायचं. महाडला आमच्या शेजाऱ्यांना हे काही खरं वाटत नसे. आमच्याकडे मुलगा मुंबईला असतो किंवा आखाती देशात असतो. खाणीत असतो म्हटलं की लोक चहाचा कप खाली ठेवायचे.

त्यात तो बचाव तुकडीत होता. या तुकडीतली माणसं एरवी इतरांसारखीच कामं करतात, कुणी मोजणीचं, कुणी यंत्रांचं. पण त्यांना वेगळं शिक्षण दिलेलं असतं. खाणीत काही झालं, की बाकीचे बाहेर पळतात आणि यांनी आत जायचं असतं. मी एकदा तिथे राहायला गेले असताना त्याने मला त्यांचा सराव दाखवला. एक लांबट, अंधारी खोली, धुराने भरलेली. तिच्यात लाकडी फळ्यांनी मुद्दाम बुटक्या वाटा केलेल्या, त्यांतून पाठीवर जड पेटी घेऊन सहाजणांनी रांगत जायचं. त्या पेटीत प्राणवायूचं नळकांडं असतं आणि बर्फ असतो. मी विचारलं, बर्फ कशाला? तर म्हणाला, पेटीतून तीच तीच हवा फिरते, ती तापत जाते. बर्फ नसेल तर श्वास भाजतो.

आत शिरण्याआधी त्यांचा कॅप्टन रांगेतून फिरला. धिप्पाड माणूस, मिशा मात्र नाहीत. प्रत्येकाच्या गालावरून आणि हनुवटीवरून त्याने उलटा हात फिरवून पाहिला, शाळेत नखं तपासतात तसा. मी हसले. तो माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "माताजी, हँसिए मत। यहाँ एक बाल की भी क़ीमत है।" मग बाबाने समजावलं. तोंडावरचा मुखवटा कातडीला चिकटून बसावा लागतो. मध्ये खुंट आले तर फट राहते. खाणीत कोळसा धुमसायला लागला की जो वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्या फटीतून तो आत शिरतो आणि माणसाला झोप आल्यासारखं होतं, एवढंच. म्हणून दाढीवाल्याला मुखवटा नाही.

आता दुसरी बाजू. तुझ्या आईची आई लवकर गेली. तुझ्या आईला तिच्या आजीने, म्हणजे तुझ्या पणजीने, कापड्याला वाढवलं. पोलादपूरहून आत, भातखाचरांच्या वर घर. पणजी शाळेत गेली नव्हती, पण घरात शब्द तिचाच. तिचा एक नियम होता, आणि तो तिने केलेला नव्हता, तिच्याही आधीपासूनचा होता: बायकोला दिवस गेले की नवऱ्याने दाढी करायची नाही, नारळ फोडायचा नाही, आणि मढ्याला खांदा द्यायचा नाही.

तुझ्याआधी आईला एकदा दिवस गेले होते. तेव्हा हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. मी तर नाहीच. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, मला अशा गोष्टींचं हसू यायचं. तो जीव टिकला नाही. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं होतं, त्या कारणाचा दाढीशी काही संबंध नव्हता. पण तू पोटात आहेस असं कळल्यावर पणजी आमच्याकडे महाडला आली, पाट ओढून बसली, आणि बाबाला म्हणाली, "जावयबापू, मागल्या खेपेला माजा ऐकलात नाय. आता ऐका." बाबाने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आई जमिनीकडे बघत होती.

बाबाने दाढी वाढवली. आईला महाडला माझ्याजवळ ठेवून तो खाणीवर परत गेल्यावर त्याला तुकडीतून तेवढ्यापुरतं काढलं. कॅप्टन म्हणाला म्हणे, "किसका ऑर्डर है, बीवी का या नानी का?" बाबा म्हणाला, "दोनों का।"

आणि मग तुझ्या आईच्या आणि माझ्या लक्षात आलं, की दाढी आहे तोवर हा आत जाणार नाही. आम्ही दोघी हे एकमेकींना कधी बोललो नाही. पण त्याचा व्हिडिओ कॉल आला की आई त्या दाढीकडे बघून म्हणायची, "छान दिसते हो." ती काही छान दिसत नव्हती. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी अशी, बकरीने चरल्यासारखी होती.

सातव्या महिन्यात ओटी भरली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई कापड्याला राहायला गेली आणि बाबा परत खाणीवर.

भाद्रपद होता, गणपती होऊन गेले होते. सकाळी आजोबांनी टीव्ही लावला. खाली पळणाऱ्या पट्टीत एक ओळ होती: कोळसा खाणीत आग, काही कामगार अडकले. जिल्ह्याचं नाव आलं, मग खाणीचं. आजोबा म्हणाले, "ही आपलीच ना?" मी बाबाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेव्हा वाजलासुद्धा नाही.

मी दूध गॅसवरून उतरवलं, झाकलं, साडी बदलली. आजोबा म्हणाले, "कुठे निघालीस?"

"कापड्याला. तिला बाहेरच्या कुणाकडून कळायला नको."

"मी इथे बसतो टीव्हीसमोर. काही आलं की फोन करतो."

"नुसती अफवा सांगू नका."

"मला अफवा आणि बातमी यांतला फरक कळतो," असं ते म्हणाले खरे, पण मी चवदार तळ्यापर्यंतही पोचले नव्हते तेव्हा त्यांचा पहिला फोन आला, की एक चॅनल सगळे सुखरूप म्हणतंय आणि दुसरं स्फोट म्हणतंय.

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे सहा आसनी रिक्षा. रिक्षात एक बाई कोंबडा घेऊन बसली होती आणि रिक्षावाला पुढच्या माणसाशी हायवेच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता. मला त्या दोघांचा राग येत होता, का ते सांगता येत नाही. भात पोटरीला आलं होतं, सगळा उतार दाट हिरवा. मी मनात वाक्य जुळवत होते. अगं, बातमी आहे, पण तो तुकडीत नाही. अगं, घाबरू नकोस, त्याची तर दाढी आहे. दुसरं वाक्य मला जास्त बरं वाटत होतं.

पण पोचले तेव्हा पणजी दारातच बसली होती आणि तिने डोळ्यांनी मला खुणावलं. हळूच म्हणाली, "तिला सांगितला नाय. टीवीची वायर काडून ठेवलाय. म्हटला बिगाडला."

शेजारची बाई सकाळीच येऊन पणजीला बातमी सांगून गेली होती. मी आत गेले. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, शेंगा सोलत. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही? आज?"

मी म्हटलं, "सहज. बरेच दिवस झाले."

"हातात काही नाही तुमच्या. तुम्ही सहज कधी रिकाम्या हाताने येता?"

तेवढ्यात तीच शेजारीण दोन काकड्या घेऊन आत आली. तिला पोटात काही ठेवता यायचं नाही. काकड्या आईच्या ओटीत टाकत म्हणाली, "खा गो, पोटाला थंड पडतील. नि काय काळजी नको करू. तुजा घरवाला काय आतमंदी नसंल."

पणजी दारातून ओरडली, "तुज्या जिबंला हाड हाय काय गो!"

आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "कुठे आतमध्ये?" असं तिने मला विचारलं, त्या बाईला नाही. मी सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढं. तिने ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "आग की वायू?"

लक्षात घे, तुझी आई त्या खाणीच्या वसाहतीत राहिलेली होती. तिथल्या शाळेत शिकवायची. भोंगा कधी वाजतो, किती वेळ वाजतो, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं.

कापड्याला त्या वेळी फोनची रेंज घरात नसे. गोठ्याच्या मागे फणसाखाली उभं राहिलं तर यायची. आम्ही आईसाठी तिथे खुर्ची नेऊन ठेवली. ती फोन मांडीवर घेऊन बसली. पणजी बुंध्याला टेकून, मी उभी. गाईचं शेण, ओला पाचोळा, आणि मधूनमधून माझ्या फोनवर आजोबा.

"बचाव पथक बाहेरच उभं आहे असं दाखवतायत," आजोबा म्हणाले. "अजून आत गेलेलं नाही."

पणजीने ते ऐकलं. "म्हंजे? आत मानसं हायत नि ह्ये भायर उबे?"

आई म्हणाली, "आजी, तिथे असंच असतं."

"कसा असतं? आपल्या वरच्या वाडीवर दरड आली तवा कोन थांबला व्हता काय? तुजा बा जेवत व्हता, तो खरकट्या हातानं धावला. फावडी घेतली, घमेली घेतली, हातानं माती काडली मानसांनी."

हे खरं आहे. आमच्या भागात बचाव म्हणजे जो ऐकेल त्याने धावायचं. डोंगर खचला तरी तेच, आणि महाडच्या बाजारात सावित्रीचं पाणी शिरलं तरी तेच. सरकारी बोटी आणि जवान येतात, पण ते यायच्या आत शेजारी गळ्याएवढ्या पाण्यात उतरलेला असतो. जो थांबतो त्याच्याबद्दल गावात पुढे बरीच वर्षं बोललं जातं.

"आजी," आई म्हणाली, "तिथे जो धावत जातो तो आधी मरतो. मग त्याला आणायला गेलेला. वायू दिसत नाही ना. म्हणून दोन तुकड्या लागतात. एक आत जायची आणि दुसरी राखीव, खाणीच्या तोंडाशी तयार बसायची. आत गेलेल्यांना काही झालं तर त्यांना आणायला. दुसरी पूर्ण झाल्याशिवाय पहिलीला सोडत नाहीत."

"मग तवर काय बघत बसायचा?"

"हो. तेच शिकवतात त्यांना. बघत बसायचं."

पणजी पुटपुटली, "असला शिक्षान नको देवा."

दुपार झाली. पणजीने पेज आणून दिली. आईने ती हातात धरून ठेवली आणि पिईना. मी फणसाखालचा पाचोळा पायाने एका बाजूला करत राहिले, ढीग नीट झाला की पुन्हा पसरायचा, पुन्हा गोळा. काही हातात नसलं की मला असं होतं. आईला मी दोनदा म्हटलं, "तो काही आत जाणार नाही. त्याला मुखवटाच बसणार नाही." दोन्ही वेळा तिने मान हलवली.

आणि तेव्हा व्हिडिओ कॉल आला.

तिने फोन उचलून समोर धरला. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आधी चित्र अडकलं, नुसते चौकोन. मग साफ झालं. बाबाचा चेहरा होता. गाल गुळगुळीत. इतके दिवस दाढीखाली राहिलेली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा फिकी, आणि हनुवटीवर एक ताजा काप, त्यावर कागदाचा कपटा.

आई म्हणाली, "अहो."

"ऐक," बाबा म्हणाला. "वेळ नाहीये. राखीव तुकडीत एकजण कमी होता. तापाने पडलाय. दुसऱ्या केंद्रातली तुकडी निघालीय पण रस्ता लांब आहे. सहा झाल्याशिवाय पहिलीला सोडत नव्हते. सगळे पेट्या बांधून बसलेत, बर्फ वितळतोय."

"आत किती आहेत?"

"चौघं. टोकाला आहेत, मध्ये वायू. फोन चालू होता तोवर बोलत होते. कापडाचा पडदा लावून बसलेत पलीकडे."

"आणि तुम्ही?"

"मी तोंडाशी. राखीव म्हणजे नुसतं बसायचं, तुला माहीत आहे."

"राखीव म्हणजे काय ते मला शिकवू नका," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मला तो चढलेला चालला असता.

पणजीने मान पुढे काढली. "जावयबापू. दाडी क्येलीत?"

"हो आजी."

"कुनाला इचारून?"

बाबाने डोळे मिटले आणि उघडले. "विचारायला वेळ नव्हता, आजी."

मागून कुणीतरी हाक मारली. त्याने मागे पाहिलं, पुन्हा पुढे. "ठेवतो. तू खाऊन घे काहीतरी," एवढंच म्हणाला, आणि चित्र गेलं.

आई फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जी दोन वाक्यं मी रिक्षात जुळवली होती ती आता निकामी झाली होती.

पणजी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे ह्यांच्या दाडीपायी ती मानसं आतमंदी ऱ्हायली व्हती?"

तिला उत्तर नकोच होतं. ती उठली, बुंध्याला धरून, आणि गोठ्याकडे गेली. गाईला वैरण घातलेली होती तरी तिने आणखी घातली.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास रेंज गेली. ढग उतरले होते, ते उतरले की जायचीच. आम्ही आईला घरात आणलं. ती पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "आई, हलत नाहीये."

"काय?"

"बाळ. दुपारपासून. मला आत्ता लक्षात आलं."

तुला हे वाचून गंमत वाटेल, कारण तू वाचते आहेस म्हणजे तू हललीसच. पण त्या क्षणी जे मी कधी मानलं नव्हतं ते माझ्या डोक्यात आलं: दाढी उतरली, आणि तेव्हापासून हलत नाही. मी ते तोंडातून काढलं नाही. पणजी ते बोलणार, आता बोलणार, असं वाटून मी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

पणजी बोलली नाही. तिने गुळाचं पाणी केलं, आईला डाव्या कुशीवर वळवलं, पाणी पाजलं, आणि पोटावर तळहात ठेवून बसली. "उपाशी हायस सकालपास्नं. तूच हललीस नाय तर ता कसा हलंल? गप पड." मी गावातल्या रिक्षावाल्याच्या घरी निरोप पाठवला, गरज पडली तर पोलादपूरला न्यायला तयार राहा म्हणून. बाहेर पागोळ्या गळत होत्या. पणजीचा तळहात पोटावर, आणि मी त्या तळहाताकडे बघत होते.

मग तो हात उडाला. खरंच उडाला, खालून कुणी ढकलावा तसा.

"लाथ मारलान बघ," पणजी म्हणाली. "बापाची हाय. टायम बघत न्हाय."

आई हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. मग तिने पेज मागितली.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी ढग वर गेले आणि आम्ही फणसाखाली पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. या वेळी चित्र नव्हतं, नुसता आवाज, बसलेला.

"मी वर आलो," बाबा म्हणाला.

आईने विचारलं, "गेला होतात?"

"हो."

त्याने सांगितलं ते असं. पहिल्या तुकडीने दोघांना चालत बाहेर आणलं. पण ती तुकडी दमली होती, त्यांच्यातल्या एकाच्या पेटीतली हवा उतरली होती. आणि ज्याची हवा सगळ्यांत कमी, त्याच्या हिशेबाने सगळ्यांनी परतायचं असतं. एकट्याला मागे पाठवत नाहीत. त्यांनी परत आत जाणं शक्य नव्हतं. तोवर लांबच्या केंद्राची तुकडी पोचली, ती राखीव बसली, आणि बाबाची तुकडी आत गेली. उरलेल्या दोघांतला एक जिवंत होता. दुसरा नव्हता.

पणजीने फोनसाठी हात पुढे केला. आईने क्षणभर फोन सोडला नाही, मग दिला. पणजीला फोन कानाला नीट धरता यायचा नाही, ती तो तोंडासमोर धरून बोलायची, आणि पलीकडचा आवाज आम्हाला सगळा ऐकू यायचा.

"जावयबापू, मढ्याला खांदा दिलात?"

बाबा म्हणाला, "दिला, आजी. आधी जिवंत माणसाला आणलं. मग त्याच्यासाठी परत गेलो. सहाजणच होतो. सहाजणांनीच आणायचं असतं."

माझं सगळं लक्ष पणजीच्या चेहऱ्यावर. आयुष्यभराचा नियम तिच्या तोंडाशी आलेला मला दिसत होता.

"त्याची म्हातारी आसंल ना कोन तरी," पणजी म्हणाली. "वाट बघत आसंल. घरी आनलात, बरा केलात." मग घसा साफ करून, नेहमीच्या दटावणीच्या आवाजात, "आता गरम पान्यानं आंगोल करा. नि निजा. हितं सगला बरा हाय."

चौकशी, जबाब, काय काय होतं, ते उरकून बाबा निघाला तोवर तुझा जन्म होऊन गेला होता. महाडच्या दवाखान्यात. तो थेट बसस्टँडवरून आला, प्रवासाने चुरगळलेला, गालांवर दोन दिवसांचे खुंट. तुला घ्यायला त्याने हात पुढे केले तर पणजीने तुला मागे घेतलं.

"थांबा. आदी त्वांड खरडून या. पोरीला टोचंल."

बाबा बघतच राहिला. मग समोरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून आला. पणजीने त्याच्या गालावरून हात फिरवला, उलटा. तिला त्या कॅप्टनबद्दल काही माहीत नव्हतं. म्हाताऱ्या बायका लहान मुलांचे गाल तसेच बघतात. पण आई आणि बाबा एकमेकांकडे बघायला लागले.

धाकट्याच्या वेळेला तुम्ही तिकडे ऑस्ट्रेलियाला, बाबाच्या नव्या खाणीतल्या नोकरीसाठी, गेलेले होतात. बातमी कळल्यावर पणजीने शेजारणीच्या मुलीकडून फोन लावून घेतला. सगळे नियम सांगितले: नारळ फोडू नका, रात्रीचं नदीवर जाऊ नका. बाबाने विचारलं, "आणि दाढी, आजी?"

"नको वाडवू. तिकडली मानसं वर कोन आनंल?"

पणजी गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. तो नियम तिने एका माणसापुरता मोडला की कायमचा, ते मी तिला विचारलं नाही.

बाबा तिकडेही बचाव तुकडीत आहे, हे तुला माहीत आहे. त्याचा नारिंगी पोशाख तू मला फोनवर दाखवला होतास. तिकडची यंत्रं नवी आहेत, तो म्हणतो. असतील. माझ्या काळजीला यंत्रं कळत नाहीत. तुमचा कॉल आला की मी आधी त्याची हनुवटी बघते. मागच्या खेपेला तुम्ही महाडला आलात तेव्हा मी तुझ्या आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, की तू त्याला हे सोडायला का सांगत नाहीस? ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "आई, मी सांगितलं तर ते सोडतील. म्हणून सांगत नाही." आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली, पण तिच्या हाताखाली चांगली पानंच टाकाऊत जात होती.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. फोन कधी येईल ते सांगता येत नाही, रविवारीही येऊ शकतो, आणि कुणीतरी कुठेतरी सहावा माणूस होण्याची वाट बघत असतं. बाबा न्हाणीघरातून बाहेर आला की आई जाता जाता त्याच्या गालावरून उलटा हात फिरवते. तुम्ही दोघं त्यावर तिला चिडवता, हे मला धाकट्याने सांगितलं. आता चिडवू नका. ती तपासते आहे.